डाळ-तांदळाला गोंद लावू नका: अन्नातून चित्रकलेचा तास कसा घ्यावा

शिराळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका सरांचा प्रश्न आहे. सहावीचा वर्ग, ३८ मुलं, चित्रकलेचे सलग दोन तास म्हणजे ७० मिनिटं. खाण्याच्या वस्तू माध्यम म्हणून घेऊन काहीतरी करायचं आहे आणि डोक्यात कडधान्यांचं कोलाज आहे. पण व्यवस्थापन समितीतल्या एका पालकांनी विचारलं, "अन्नाची नासाडी पोरांना कशाला शिकवता?" तर त्यांना काय सांगावं, आणि तासात नेमकं काय घ्यावं?

सर, त्या पालकांचं बरोबर आहे. मी सांगलीत २६ वर्षं चित्रकला शिकवली, आणि हे मला पहिल्या तीन वर्षांतच कळलं, तेही एका पोरामुळे.

तेव्हा मी पाचवीला तुमच्याच डोक्यातलं कोलाज घेतलं होतं. तूरडाळ, मूग, मसूर, तांदूळ, मोहरी असं सगळं घरून आणलं होतं. पुठ्ठ्यावर मोर काढायचा आणि गोंद लावून दाणे भरायचे. वर्ग रंगात आला होता. शेवटच्या ओळीतला एक मुलगा मात्र पुठ्ठा कोरा ठेवून बसला होता. जवळ गेले तर मुठीत तांदूळ घट्ट धरलेले. मी म्हटलं, "अरे, लाव की." तो खाली बघत म्हणाला, "बाई, ह्याला गोंद लावला की मग खाता येत नाही." मी काही बोलायच्या आत त्याने फरशीवर सांडलेला एक दाणा उचलला, कपाळाला लावला आणि परत वाटीत टाकला. घरी आजीने शिकवलेलं असणार. वर्गात त्या तासाला सगळ्यात खोलवर विचार त्याने केला होता, आणि माझ्या हजेरीवहीत त्याच्यापुढे "अपूर्ण" असा शेरा पडला होता. तो शेरा मी नंतर खोडला. पुढे ते मोर आम्ही व्हरांड्यात टांगले. महिन्याभरात मुगाला टोके लागले, उंदरांनी पुठ्ठे कुरतडले आणि स्नेहसंमेलनाच्या आधी सगळं खाली उतरवून टाकून द्यावं लागलं.

तेव्हापासून माझा नियम एकच. तासाला आलेली वस्तू एकतर शेवटी पोटात गेली पाहिजे, नाहीतर ती मुळात कुणाच्या पोटात जाणारच नव्हती अशी पाहिजे. साल, टरफल, देठ, चिंचोका, जून झालेली भेंडी, हिरवा पडलेला बटाटा. किंवा मग इतकी थोडी, की चिमटीत मावेल. धान्य चिकटवण्याचा प्रकार ह्या तिन्हीत बसत नाही. तुमच्या भागात तर भातशेती आहे. रोप लावताना चिखलात उभी राहिलेली पोरं तुमच्यासमोर बसतात. पोषण आहारात सहावीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ मोजून येतो. त्याच पोत्याशेजारी बसून तांदूळ पुठ्ठ्याला चिकटवायला सांगणं मला आता जमणार नाही.

दुसरी गोष्ट मी जास्त कळकळीने सांगते, कारण ती चित्रकलेची आहे. कोलाजमध्ये डाळ ही डाळ म्हणून काही करतच नाही. तिथे पिवळ्या कागदाचे तुकडे लावले असते तरी चाललं असतं. माध्यम म्हणून वस्तू घ्यायची तर तिच्या अंगचा गुण कामाला आला पाहिजे. ती भिजते कशी, सुकते कशी, रंग सोडते का, रंग बदलते का, आकार धरते का. हे बघायला लावलं तरच तो चित्रकलेचा तास, नाहीतर ती सजावट.

आता काय घ्यायचं? सांगली जिल्ह्यात राहून मी हळदीशिवाय दुसरं नाव आधी घेणार नाही. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मार्केट यार्डात हंगामात गेलात तर नाकाला आणि डोळ्यांना दोन्हीकडून कळतं आपण कुठे आलोय ते. हरिपूरला कृष्णाकाठच्या मातीत हळद साठवायला पेवं खोदलेली असायची. वर माणूस उतरेल एवढंच तोंड आणि आत पोटभर जागा. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. मुलांना हे आधी पाच मिनिटं सांगा, फळ्यावर पेवाचा उभा छेद काढा. हातातली पूड कुठून येते हे कळलं की ती हातातून सांडताना मुलं जपतात.

तासाची सुरुवात मात्र पूड दाखवून करू नका, प्रश्नाने करा. "शर्टावर आमटी सांडली, डाग पिवळा पडला. आईने साबण लावला. डाग कसला झाला?" अर्धा वर्ग ओरडतो, "लाल!" सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण त्यात चित्र आहे हे कुणाच्या मनात आलेलं नसतं. तुमचा सगळा तास ह्या एका उत्तरावर उभा राहतो.

आदल्या दिवशी कागद तयार करायचे. ३८ मुलांसाठी मोठे दोन चमचे हळद पुरते. बाजारातली तयार पूड घेण्यापेक्षा हळकुंडं आणून कुटा. एकतर भेसळीची काळजी नाही, आणि हळकुंड मोडल्यावर आत दिसणारा केशरी रंग मुलांनी बघायलाच हवा. अर्धा लिटर कडकडीत पाण्यात पूड घाला. ती विरघळणार नाही. हळदीतला रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये उतरतो. म्हणून फोडणीत तेल पिवळं होतं आणि पाण्यात मात्र तळाशी गाळ बसतो. सारखं ढवळत राहायचं आणि सुती फडक्याच्या बोळ्याने ड्रॉइंग पेपरवर पातळ हात द्यायचा. एकाच दिशेने. कागद दोरीवर चिमट्याने लावून सावलीत वाळवायचे. उन्हात नाही, का ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी तासाला तीन वाट्या मांडा. एकीत खायचा सोडा पाण्यात, एकीत कपड्याच्या साबणाचं पाणी, एकीत लिंबाचा रस. वाट्यांवर नाव लिहू नका. मुलांच्या हातात साधा ब्रश किंवा काडीला गुंडाळलेला कापूस द्या आणि म्हणा, एक रेघ ओढा.

सोड्याची रेघ नारिंगी-तपकिरी येते. साबणाची गडद, कुंकवाकडे झुकणारी येते. आणि त्या लाल रेघेवर लिंबाचा थेंब पडला की ती पुन्हा पिवळी होऊन कागदात नाहीशी होते. मी हे शंभरेक वेळा तरी पाहिलं असेल, अजूनही त्या थेंबाभोवती लाल मागे सरकताना बघत उभी राहते. मुलं पहिली दहा मिनिटं नुसती रेघा मारून पुसत बसतात. बसू द्या. ही दहा मिनिटं वाया जात नाहीत. त्यांना हातात काय आलंय ते कळतंय.

मग विषय द्या. विषय असा हवा की ज्यात दोन-तीन छटांवर भागेल आणि पुसण्याला अर्थ असेल. "पूर आला आणि ओसरला" हा विषय मी सांगलीत दिला होता. एका मुलीने साबणाच्या पाण्याने घरं काढली आणि वरून लिंबाच्या रसाचा हात फिरवला. निम्मी घरं पाण्याखाली गेल्यासारखी पुसट झाली. मी तिला हे शिकवलं नव्हतं. तुमच्याकडे धुक्यातला डोंगर देता येईल, पिकलेल्या भातातली वाट देता येईल.

विचारणारं एखादं पोर निघतंच, "बाई, असं का होतं?" त्याला सांगा की हळदीतलं रंगद्रव्य क्षार लागला की लाल होतं, आम्ल लागलं की पिवळं राहतं. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच होतं, ते ह्याच गुणावर. विज्ञानाच्या सरांना बोलवलं तर उत्तम, पण तास त्यांच्या हाती देऊ नका, नाहीतर मुलं लिटमस लिहायला लागतात आणि ब्रश खाली पडतो. चुना मात्र वर्गात आणू नका. लाल सुरेख येतो, पण बोट डोळ्यात गेलं तर डोळा भाजतो.

आता उन्हाचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हेही लपवू नका, हाही धडा आहे. एक हळदीचा कागद अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत लावा. आठ-दहा दिवसांनी पुठ्ठा काढला की सरळ रेघ दिसते, एकीकडे पिवळा, दुसरीकडे विटका. टिकणारा रंग आणि न टिकणारा रंग असा फरक मी आधी तोंडी सांगायचे, कुणाच्या लक्षात राहत नसे. खिडकीतला कागद विसरत नाहीत. मग मुलंच म्हणतात, चित्र वहीत मिटून ठेवायचं.

हळदीच्या जोडीला दुसरा रंग हवाच असेल तर कांद्याच्या वाळक्या सालींचा काढा करा. दोन मुठी साली, लिटरभर पाणी, अर्धा तास उकळ. सोनेरी-तपकिरी येतो, चिमूटभर तुरटी घातली की उजळतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळाही चांगला, आटपाडी भागातल्या शाळांना तर साली हव्या तेवढ्या मिळतील. बीट सगळे सुचवतात. मी सुचवत नाही. पहिल्या दिवशी देखणं गुलाबी, आठवड्यात मळकट. शिवाय ते चांगलं खाण्याचं कंदमूळ आहे. काळा हवा असेल तर चहाच्या उरलेल्या चोथ्याचा कडक काढा घ्या आणि त्यात गंजके खिळे रात्रभर टाका. शाईसारखा काळपट रंग उतरतो. तो तुम्ही स्वतः करा, बाटलीत भरा, आणि "हे प्यायचं नाही" असं मोठ्या अक्षरात चिकटवा.

हे रंग वाळल्यावर बोटाला लागतात म्हणून खळ लागते. मैद्याची करू नका, चिंचोक्यांची करा. माण-आटपाडीकडच्या घोंगडीला हीच खळ देतात, मुलांनी घरात घोंगडी पाहिलेली असेल तर त्यांना लगेच पटेल. चिंचोके भाजून, फोलं काढून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून घट्टसर करायचे. वाटीभर रंगाला चमचाभर पुरे. बाइंडिंगवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ती कृती कुणी सांगितली तर मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, मोरचूद विषारी असतो.

ठशांचं काम तुम्हाला येतच असेल, म्हणून थोडक्यात. आठवडी बाजार उठताना जून भेंडी, पालकाच्या जुडीचे बुडखे, कोबीचे खुंट फुकट मिळतात. पालकाचा बुडखा आडवा कापला की गुलाबाचं फूल उमटतं. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे खायला योग्यच नसतात, ते ठशांना घ्या. एक गोष्ट बहुतेकांची चुकते. कापलेली बाजू ओली असते, तशीच रंगात बुडवली की ठसा घसरतो. कापून दहा मिनिटं पालथी कागदावर ठेवा, मग स्पंजावरचा रंग टेकवा. बुडवायचं नाही. भेंडीच्या चांदणीतले कप्पे मुलांना मोजायला लावा. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला संकल्पचित्र काढताना हीच मांडणी उपयोगी पडते.

आता पोटात जाणारा प्रकार. हा माझा सगळ्यात आवडता, आणि त्या पालकांना मी ह्याच तासाला बोलवीन.

आषाढातल्या अमावस्येला आपण दिव्यांची पूजा करतो, कणकेत गूळ घालून दिवे करतो, उकडतो आणि तूप घालून खातो. म्हणजे अन्नातून शिल्प करायचं आणि मग ते खायचं, हे आपल्या घरात आहेच. बाहेरून काही आणायचं नाही. ३८ मुलांना दोन किलो कणीक पुरते, माणशी पन्नास ग्रॅमच्या आसपास. गुळाच्या पाण्यात, थोडं तूप घालून, पुरीपेक्षा घट्ट मळायची. आहार शिजवणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा, त्यांच्या पातेल्यावर चाळण आणि फडकं टाकून पंधरा-वीस मिनिटांत दिवे उकडतात. आणि त्या दिवशी वर्गात शिकवायला त्यांनाच उभं करा. करंजीची मुरड त्या जितक्या सफाईने घालतात तितकी मला येत नाही. अंगठ्याने दाबायचं, कड उचलायची, दुमडायची, पुन्हा दाबायचं, बोटं थांबतच नाहीत. मुलं मातीकाम म्हटलं की बेंदराचा बैल करतात. पण काठावर एकसारखी लय धरणं त्यांना मुरडीतून कळतं.

मुलांना आधी अट घाला: दिव्यात तेल राहिलं पाहिजे आणि दिवा कलंडता कामा नये. बाकी आकार त्यांचा. मग बघा कसे प्रश्न पडतात. भिंत पातळ केली की कड फाटते. जाड केली की आत कच्चा राहतो. नखाने कोरलेली बारीक नक्षी उकडल्यावर बुजते, चिमटीने उचललेली कड मात्र टिकते. एका मुलाने दिव्यावर बारीक अक्षरात बहिणीचं नाव कोरलं होतं, पातेल्यातून निघालं तर सपाट. तो रडवेला झाला. पुढच्या वेळी त्याने कणकेची बारीक वळी करून नाव वरून चिकटवलं, पाण्याच्या बोटाने. ते राहिलं. कोरीव काम आणि उठाव ह्यातला फरक त्याला त्या दोन दिव्यांनी शिकवला. खाल्लं बहिणीनेच.

तिसरा एक तास सुचवते, ज्यात काहीच खर्च होत नाही. पंगतीचं ताट. मीठ वर मध्ये. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये वरणभात. ही रचना कुणा चित्रकाराने केलेली नाही, पण तिच्यात तोल आहे: थोडकं, तिखट, आंबट एका अंगाला आणि भरीव दुसऱ्या अंगाला. मुलांना ताट आठवून काढायला लावा, स्मरणचित्र म्हणून. मग विचारा, चटणी उजवीकडे नेली तर चित्र कसं दिसेल? त्याच दिवशी दुपारी आहाराच्या ताटात बघायला सांगा की पांढऱ्या भातावर पिवळी आमटी कुठवर पसरते. चित्र काढलेल्या मुलांचं ताट त्या दिवशी जरा जास्त स्वच्छ होतं असं माझं निरीक्षण आहे.

एक गैरसमज काढून टाकते, कारण तुम्हाला कुणीतरी ते चित्र नक्की दाखवील. भाज्या-फळांचे चेहरे रंगवणारा आर्चिंबोल्दो हा सोळाव्या शतकातला मिलानचा चित्रकार. सम्राट रुडॉल्फ दुसरा ह्याचा चेहरा त्याने १५९० च्या सुमारास फळं, भाज्या, कणसं जुळवून रंगवला. काम अप्रतिम आहे, मुलांना जरूर दाखवा. पण त्याने भाज्या तेलरंगात रंगवल्या, भाज्यांनी चित्र केलं नाही. ते चित्र दाखवून वर्गात काकडीचे डोळे आणि टोमॅटोचं तोंड करायला लावलं की दोन्हीतलं काहीच हाती लागत नाही. वारली चित्र जवळचं उदाहरण आहे, त्यात पांढरा रंगच तांदळाच्या पिठाचा. मूठभर पिठात लग्नघराची भिंत भरते, आणि ते पीठ त्या भिंतीसाठीच असतं.

काळजीच्या दोन-तीन गोष्टी. रंगवणं आणि खाणं एका तासात, एका बाकावर कधीही नाही. हळदीच्या दिवशी कणीक नाही, कणकेच्या दिवशी ब्रश नाही. शेंगदाणे कुणाला चालत नाहीत का, गव्हाचा कुणाला त्रास आहे का, हे घरी आधी विचारा. सुरी तुमच्याच हातात. आणि गुण देताना सुबकपणाला देऊ नका. मुलाला तोंडी एकच विचारा: "ह्या वस्तूने तुला काय करू दिलं नाही?" ह्याचं उत्तर देता आलं की त्याला माध्यम कळलं.

पालकांना उत्तर तोंडी देऊ नका, हळदीच्या तासाला मागच्या बाकावर बसवा. दोन चमचे हळदीत ३८ चित्रं झालेली ते स्वतः मोजतील.

तुम्ही हा तास जुलै-ऑगस्टमध्ये घेणार असाल तर तुमच्याकडच्या पावसात कागद एका रात्रीत वाळणार नाहीत. दोन दिवस आधी करा, आणि दोरी पोषण आहाराच्या चुलीच्या खोलीत, धुरापासून जरा लांब बांधा.